सुंभ राहतो, पीळ जातो: डीएनएची रचना, मुळापासून

‘सुंभ जळला तरी पीळ जळत नाही’ ही म्हण डीएनएला लावायची तर उलटी करावी लागते. डीएनए विरघळलेलं पाणी 95 अंशांपर्यंत तापवलं की पीळ पार उलगडतो आणि दोन्ही पेड वेगळे होतात. पेड मात्र शाबूत राहतात. पाणी हळूहळू निवू दिलं की हेच पेड आपापला जोडीदार शोधून पुन्हा पीळ घेतात. कोविडच्या दिवसांत नाकातला नमुना घेऊन जी आरटी-पीसीआर तपासणी व्हायची, ती याच उलगडण्या-जुळण्यावर चालते.

असं होतं, कारण डीएनएत दोन तऱ्हेचे सांधे आहेत. एकेका पेडाच्या आतले सांधे पक्के, रासायनिक बंधांचे. दोन पेडांमधले कच्चे, उष्णतेने सुटणारे. हा फरक नीट कळला की पाठ्यपुस्तकातल्या त्या पिळाच्या चित्रातलं बरंचसं आपोआप उलगडतं.

वेंगुर्ला-मालवणकडे काथ्याचा सुंभ दोन पेडांचा वळतात, म्हणून तुलनेला तो सोयीचा आहे. आधी माप घेऊ. डीएनएची जाडी 2 नॅनोमीटर. तिला 20 लाख पटींनी वाढवलं तर 4 मिलिमीटरचा, म्हणजे चांगला हाताला लागेल असा सुंभ होतो. त्याच मापाने माणसाच्या एका पेशीतला सगळा डीएनए, जो खरा सुमारे 2 मीटर लांब असतो, 4000 किलोमीटर भरेल. शाळेच्या पुस्तकात महाराष्ट्राची किनारपट्टी 720 किलोमीटर दिलेली असते, तिच्या साडेपाच पट. हा सुंभ सलग नाही, त्याचे 46 तुकडे आहेत आणि त्यातला सर्वांत लांब तुकडा 170 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईहून निघून महाडपर्यंत येईल इतका. पेशीचं केंद्रक याच मापाने 12 मीटर व्यासाचा गोल होतं, घरापुढच्या खळ्यात मावेल एवढं. 4000 किलोमीटर सुंभ खळ्यात कसा मावणार? हिशेब केला तर तो गोलाचा जेमतेम अठरावा हिस्सा भरतो. जागेची अडचण नाहीच, गुंता होऊ न देणं ही अडचण आहे. त्यासाठी पेशी या सुंभाचा 147 जोड्यांचा (समोरासमोरच्या बेसच्या जोड्या, त्या पुढे येतीलच) एकेक भाग हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळाभोवती पावणेदोनच्या आत वेढे देऊन गुंडाळते आणि मध्ये थोडा मोकळा सोडते.

एक कडी

पेड हा कड्यांचा बनतो. प्रत्येक कडीला न्यूक्लिओटाइड म्हणतात आणि तिचे तीन भाग असतात: एक शर्करा, एक फॉस्फेट, एक बेस. बेस चार प्रकारचे: अॅडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन. पुढे त्यांना ए, टी, जी, सी म्हणू.

शर्करेकडे लोक दुर्लक्ष करतात, पण सगळी गोम तिथेच आहे. ती पाच कार्बनची. कार्बनना क्रमांक दिलेले असतात आणि ते ‘एक प्राइम’, ‘दोन प्राइम’ असे वाचतात. एक प्राइमला बेस चिकटतो. पाच प्राइमला फॉस्फेट. तीन प्राइमला एक ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असते आणि तिला पुढच्या कडीचं फॉस्फेट येऊन जोडलं जातं. म्हणजे पेडाचा कणा शर्करा-फॉस्फेट-शर्करा-फॉस्फेट असा चालतो आणि बेस एका बाजूला लोंबतात.

यामुळे पेडाला दिशा येते. झावळीला जसं बूड आणि शेंडा असतो, तसं पेडाचं एक टोक पाच प्राइमचं, दुसरं तीन प्राइमचं. पाच प्राइमला बूड म्हणा, तीन प्राइमला शेंडा. ही नावं इथे शोभतात, कारण माड जसा फक्त शेंड्याकडून वाढतो, तसा डीएनएचा नवा पेडही फक्त तीन प्राइमच्या टोकालाच वाढतो. डीएनए बनवणारं एन्झाइम बुडाला कडी जोडूच शकत नाही.

उरला दोन प्राइमचा कार्बन. आरएनए हा डीएनएचाच भाऊबंद; त्याच्या शर्करेत तिथे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असते. डीएनएत नुसता हायड्रोजन. ‘डीऑक्सि’ म्हणजे हाच गेलेला ऑक्सिजन. एका अणूचा फरक, पण परिणाम मोठा. आरएनएतला तो ऑक्सिजन शेजारच्याच फॉस्फेटवर हल्ला करून साखळी तोडू शकतो. पाणी चुन्याच्या निवळीइतकं अल्कलीयुक्त केलं तर आरएनएचा हळूहळू चुरा होतो. डीएनएचे त्याच पाण्यात पेड सुटे होतात, पण कडी-कडी तुटत नाही. पिढ्यान् पिढ्या सांभाळायची नोंद डीएनएत आणि चार घटकांच्या कामाची चिठ्ठी आरएनएत, ही वाटणी रसायनशास्त्राला धरून आहे.

फॉस्फेट प्रत्येक कडीला एक ऋण भार देतं. अख्खा कणा बाहेरून ऋणभारित. ही गोष्ट लक्षात ठेवा, मिठाजवळ आलो की लागेल.

जोडी कोणाची कोणाशी

ए आणि जी हे दोन वलयांचे, म्हणून रुंद. सी आणि टी एका वलयाचे, म्हणून अरुंद. एक रुंद आणि एक अरुंद समोरासमोर आले तरच पिळाची जाडी सगळीकडे सारखी राहते. दोन रुंद आले तर सुंभाला गाठ आल्यासारखं होईल, दोन अरुंद आले तर मध्ये फट पडेल. पण नुसतं रुंद-अरुंद जमून भागत नाही. ए आणि सी मापात बसतील, पण त्यांचे हायड्रोजन देणारे-घेणारे कोपरे समोरासमोर येत नाहीत. ए-टीमध्ये असे दोन हायड्रोजन बंध, म्हणजे मघाचे दोन पेडांमधले कच्चे सांधे, जुळतात, जी-सीमध्ये तीन.

रचना कळण्याआधी हिशेब कळला होता. एर्विन शारगाफ यांनी 1950 च्या सुमारास वेगवेगळ्या जिवांचा डीएनए मोजून दाखवलं की ए आणि टी सारखे भरतात, जी आणि सी सारखे भरतात. माणसात ए आणि टी प्रत्येकी सुमारे 30 टक्के, जी आणि सी प्रत्येकी सुमारे 20. परीक्षेत हमखास येणारं गणित: जी 18 टक्के असेल तर ए किती? सी पण 18, मिळून 36, उरले 64, त्याचे निम्मे 32. हे गणित दोन पेडी डीएनएलाच लागू. काही विषाणूंमध्ये एकच पेड असतो, तिथे ए आणि टी सारखे असण्याचं काही कारण नाही.

दोन पेड एकमेकांच्या उलट दिशेने चालतात. एकाचं बूड दुसऱ्याच्या शेंड्याशी. इथे विद्यार्थी आणि नवखे संशोधक दोघेही चुकतात. एक पेड बुडाकडून वाचला तर जी-ए-टी-टी-सी आहे. समोरचा पेड काय? बरेच जण सी-टी-ए-ए-जी लिहून मोकळे होतात. अक्षरं बरोबर आहेत, पण ती शेंड्याकडून लिहिली गेली. रिवाज बुडाकडून वाचण्याचा, त्यामुळे बरोबर उत्तर जी-ए-ए-टी-सी. कागदावर ही एका गुणाची चूक. पीसीआरसाठी (डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची रीत) छोटा तुकडा, म्हणजे प्रायमर, मागवताना केली तर तो तुकडा कुठेच चिकटत नाही आणि पैसे पाण्यात.

पीळ का पडतो

शिडीच्या चित्रात पायऱ्या लांब-लांब असतात, आणि तिथेच ते चित्र फसवतं. बेस सपाट असतात आणि त्यांच्या पसरट बाजूंना पाणी आवडत नाही. त्यामुळे ते थाळीवर थाळी रचावी तसे एकमेकांवर घट्ट बसतात. दोन थाळ्यांमधलं अंतर 0.34 नॅनोमीटर. पण कण्यातली एक कडी त्याच्या जवळपास दुप्पट ताणलेली असते. बाजूचे दांडे लांब आणि पायऱ्या जवळ, असं झाल्यावर दांड्यांना तिरकं जाण्यावाचून गत्यंतर नाही. प्रत्येक थाळी खालच्या थाळीपेक्षा सुमारे 34 अंश वळते, साडेदहा जोड्यांत एक वेढा पुरा होतो आणि त्याची उंची साडेतीन नॅनोमीटरच्या आसपास भरते. आपल्या 4 मिलिमीटरच्या सुंभात म्हणायचं तर दर 7 मिलिमीटरला एक पीळ.

या थाळ्यांच्या रचणीचा आणखी एक धडा आहे. डीएनए हायड्रोजन बंधांमुळे टिकतो असं सर्रास लिहिलं जातं, ते अर्धंच खरं. हायड्रोजन बंध मुख्यतः जोडीदार कोण ते ठरवतात, कारण पेड सुटे झाले तर बेसना तेच बंध पाण्याशी करता येतात. पिळाला मजबुती जास्त करून मिळते ती थाळ्यांच्या रचणीतून. जी-सी जास्त असलेला डीएनए उशिरा सुटतो, त्यातही तीन बंधांइतकाच रचणीचा वाटा आहे.

पीळ उजवा आहे, नेहमीच्या स्क्रूसारखा. चित्र बरोबर आहे का ते तपासायचं असेल तर पीळ उभा धरा आणि समोर दिसणाऱ्या पट्ट्या पाहा: त्या खालून डावीकडून वर उजवीकडे चढल्या पाहिजेत. उलट्या असतील तर चित्रकाराने आरशातला डीएनए काढला. जाहिराती, संस्थांची बोधचिन्हं, पुस्तकांची मुखपृष्ठं या कसोटीवर बरीच नापास होतात. दुसरी कसोटी खाचांची. दोन पेडांमधल्या खाचा सारख्या नसतात; एक रुंद, एक अरुंद. रुंद खाचेत बेसच्या कडा उघड्या असतात, आणि जनुक चालू-बंद करणारी बहुतेक प्रथिनं तिथे बोट घालूनच, पीळ न सोडता, अक्षरं ओळखतात.

हे सगळं एका माणसाने शोधलं नाही. फ्रीडरिश मीशर यांनी 1869 मध्ये इस्पितळातल्या पट्ट्यांवरच्या पुवातून हा पदार्थ प्रथम वेगळा केला. मे 1952 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये रोझलिंड फ्रँकलिन आणि रेमंड गॉस्लिंग यांनी क्ष-किरणांनी घेतलेल्या छायाचित्रात पिळाची फुली स्पष्ट उमटली. ते छायाचित्र फ्रँकलिन यांच्या नकळत जेम्स वॉटसन यांना दाखवलं गेलं. वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी आपली रचना एप्रिल 1953 मध्ये प्रसिद्ध केली. 1962 चं नोबेल त्या दोघांना आणि मॉरिस विल्किन्स यांना मिळालं. फ्रँकलिन 1958 मध्येच वारल्या होत्या.

केळं, मीठ आणि साबण

शाळेत केळ्यापासून डीएनए काढण्याचा प्रयोग करतात. पायऱ्या पाठ असतात, कारणं नसतात. पिकलेल्या केळ्याचा अर्धा भाग (50-60 ग्राम) प्लास्टिकच्या पिशवीत घालून हाताने चुरडा. मिक्सर नको, पाती लांब धाग्यांचे तुकडे करतात. 100 मिलिलिटर पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ आणि दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड हळू ढवळून मिसळा, फेस येऊ देऊ नका, आणि ते पिशवीत ओता. पेशीचं आणि केंद्रकाचं आवरण स्निग्ध पदार्थाचं असतं; साबण तवंग काढतो तसंच तेही काढतो.

पिशवी 60 अंशांच्या पाण्यात 10 ते 15 मिनिटं ठेवा. थर्मामीटर नसेल तर उकळतं पाणी आणि नळाचं पाणी सारखं मिसळा, जवळपास तेवढंच होतं. या उष्णतेने डीएनए खाणारी एन्झाइमं मंदावतात. उकळत्या पाण्यात पिशवी टाकलीत तर पेड सुटतील आणि लगदा चिकट होऊन गाळता येणार नाही. मग पाच मिनिटं बर्फावर, आणि ओल्या मलमलीच्या फडक्यातून गाळणं. फडकं पिळू नका.

आता अल्कोहोल, आणि बहुतेक प्रयोग इथेच फसतात. गाळलेलं पाणी तीन मोठे चमचे उभ्या ग्लासात घ्या आणि बर्फ-मिठात गार केलेलं 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल तेवढंच किंवा थोडं जास्त, ग्लास तिरका धरून कडेकडेने सोडा. 70 टक्क्यांचं घेतलंत तर खालच्या पाण्यात मिसळून ते 35 वर येतं आणि काहीच दिसत नाही. सॅनिटायझरच्या जेलमध्ये तर घट्टपणा आणणारा पदार्थच पांढरा गोळा होऊन येतो आणि मुलं तोच डीएनए समजतात. अल्कोहोल पेट घेतं. गॅस बंद असलेल्या खोलीतच हे करा.

मिठाचं काम आता कळेल. कणा ऋणभारित, त्यामुळे डीएनएचे धागे एकमेकांना ढकलतात आणि पाणी त्यांना छान धरून ठेवतं. मिठातला सोडियम त्या भारावर पांघरूण घालतो, अल्कोहोल पाण्याची पकड सोडवतं, आणि धागे एकत्र येऊन दोन थरांच्या सीमेवर पांढरे तरंगू लागतात. मीठ विसरलात तर धागे येत नाहीत किंवा फार कमी येतात. कच्च्या पपईचा चीक थेंबभर घातला तर आणखी बरं: मटण मऊ करणारं तेच एन्झाइम डीएनएला चिकटलेली प्रथिनंही पचवतं.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्या पांढऱ्या गोळ्यात डीएनएपेक्षा पेक्टिन जास्त असतं, कारण तेही अल्कोहोलमध्ये साकळतं. एवढ्या केळ्यातून आलेला खरा डीएनए मिलिग्रॅमभरही नसेल. प्रयोगशाळेत खात्री करतात ती अतिनील प्रकाशाने: बेसची वलयं 260 नॅनोमीटरचा प्रकाश जोरात शोषतात, प्रथिनं 280 चा. दोन्हींचं गुणोत्तर 1.8 च्या आसपास आलं तर डीएनए प्रथिनांपासून बऱ्यापैकी स्वच्छ. केळ्याऐवजी नर माशाच्या पोटातली पांढरी मऊ पिशवी यासाठी कितीतरी सरस, कारण शुक्राणू म्हणजे जवळजवळ नुसतं केंद्रक आणि पेक्टिन मुळीच नाही. मीशरही पुढे पू सोडून ऱ्हाइन नदीतल्या सामन माशाकडेच वळले होते.

कोकमाच्या फळाने हा प्रयोग करू नका. आम्लात ए आणि जी यांचा शर्करेशी असलेला सांधा सुटतो, बेस गळून पडतो आणि तिथे कणा कमकुवत होऊन तुटतो. हेच आपल्या पेशीतही, आम्लाविना, दिवसाला काही हजार ठिकाणी होतं आणि पेशी ते दुरुस्त करत बसते. शिवाय रोज शंभरेक सी आपोआप यूरॅसिल होतात. आरएनएत यूरॅसिल हे अधिकृत अक्षर आहे; डीएनएत त्याच्या जागी टी वापरण्याचा फायदा इथे दिसतो. डीएनएत यूरॅसिल दिसलं की ते चुकीचंच, म्हणून दुरुस्ती करणारं एन्झाइम बिनधास्त कापून काढतं.

हापूसचा डीएनए

आंब्याचं पान केळ्याइतकं सरळ नाही. त्यात टॅनिन आणि चिकट पिष्टमय पदार्थ भरपूर. पान वाटलं की टॅनिन हवेने तपकिरी होतं, डीएनएला धरून बसतं आणि पुढची तपासणी अडते. म्हणून कोवळं पान घेतात, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून वाटतात आणि सीटॅब नावाच्या साबणजातीच्या रसायनात 65 अंशांवर ठेवतात. त्या द्रावणात मीठ 1.4 मोलर, समुद्राच्या पाण्याच्या दुपटीहून जास्त, कारण तेवढ्या मिठात चिकट पदार्थ विरघळलेलेच राहतात आणि डीएनएबरोबर साकळत नाहीत. सोबत ईडीटीए घालतात. डीएनए खाणाऱ्या एन्झाइमांना मॅग्नेशियम लागतं. ईडीटीए ते पकडून ठेवतं. टॅनिनला धरून ठेवायला पीव्हीपी नावाचं रसायन. यातलं काही कमी पडलं तर नळीत पांढऱ्याऐवजी चहाच्या रंगाचा गोळा येतो आणि तो फेकून द्यावा लागतो.

मग पीसीआर. 95 अंशांना पेड सुटतात. 55 च्या आसपास प्रायमर आपल्या जागी चिकटतात. 72 ला एन्झाइम शेंड्याकडे कड्या जोडत जातं. 30 फेऱ्यांत एका तुकड्याचे, सगळं सुरळीत झालं तर, शंभर कोटींच्या वर. हे एन्झाइम 95 अंशांत टिकतं, कारण ते मूळचं अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या जिवाणूचं. उन्हवऱ्याच्या किंवा राजापूरजवळच्या उन्हाळे गावच्या गरम पाण्याच्या कुंडातही उष्णताप्रेमी जिवाणू असतात. त्यांच्या डीएनएचे सांधे आपल्यासारखेच. तो टिकतो तो आतले क्षार आणि सोबतची प्रथिनं यांच्या जोरावर.

या तपासणीने हापूस, पायरी आणि रत्ना वेगळे ओळखता येतात. रत्ना हा नीलम आणि हापूसच्या संकरातून वेंगुर्ल्याला तयार झालेला, म्हणजे त्याच्या प्रत्येक गुणसूत्राच्या जोडीत एक हापूसकडून आलेलं. पण देवगडचा हापूस आणि कर्नाटकातला हापूस यांच्यात ही तपासणी फरक दाखवू शकत नाही. हापूस कलमाने वाढवतात, बाठ्यातून नाही. प्रत्येक कलम म्हणजे त्याच डीएनएची पुढची फांदी, अक्षरं जवळपास तीच. 2018 चं भौगोलिक मानांकन प्रदेशाला आहे, ते पडताळायचं तर फळातली मूलद्रव्यं आणि समस्थानिकं मोजावी लागतात.

डबाबंद आमरसाचा प्रश्न आणखी वेगळा. त्यात आम्ल आहे, आणि तो भरताना तापवलेला असतो; म्हणजे कोकमाचा आणि उष्णतेचा असा दोन्ही मार एकदम. इथे पीळच काय, सुंभही तुटतो. त्यामुळे आमरसात भेसळ पाहायची असेल तर 100 ते 200 जोड्यांचा छोटा तुकडाच निवडतात. 1000 जोड्यांचा निवडला तर चांगल्या रसाच्या नमुन्यातही काहीच सापडत नाही, आणि अहवालात ‘आंबा आढळला नाही’ असं येतं.